पित्ताशयाचं उद्यापन

माझ्या पित्ताशयात खडे आहेत हे कळलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद माझ्या बायकोला झाला.

त्याला कारण होतं. वर्षभर मी "गॅस आहे" म्हणत होतो आणि शालन "गॅस नाही" म्हणत होती. तळलेलं काही खाल्लं की उजव्या बरगडीखाली कुणीतरी पाना लावून नट आवळतोय असं वाटायचं. ती कळ पाठीतून फिरून थेट खांद्यात जायची. मी ओवा खायचो, सोडा प्यायचो, घरभर येरझाऱ्या घालायचो आणि ढेकर आली की विजयी मुद्रेनं शालनकडे पाहायचो. शेवटी तिनं मला ओढत सोनोग्राफीला नेलं. रिपोर्ट तिनं आधी स्वतः वाचला, मग मला वाचून दाखवला आणि घरी आल्यावर फोनवरून तिच्या बहिणीला वाचून दाखवला. "खडेच निघाले," हे ती अशा सुरात सांगत होती, की पलीकडून बहुतेक अभिनंदनही झालं असावं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाले, "काढून टाकू."

"खडे ना?"

"खडे नाही, अख्खं पित्ताशय."

"म्हणजे भाजीत किडा निघाला म्हणून टोपली फेकायची?"

"भाजी फेकायची. टोपली तुमचीच राहील," डॉक्टर म्हणाले. "दुर्बिणीनं करतात हल्ली. फक्त चार भोकं."

(भोकं पाडायची ती पाडायची, वर 'फक्त' म्हणायचं.)

"पण त्या पित्ताशयाचं काम काय असतं?" मी विचारलं.

"पित्त साठवणं."

"मग ते काढल्यावर पित्त साठवायचं कुठं?"

"तुमच्या स्वभावात भरपूर जागा आहे," शालन म्हणाली. डॉक्टर हसले. मला डॉक्टरांनी हसलेलं आवडत नाही.

मी काही भित्रा माणूस नाही. उभी नोकरी मी खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात करत आलोय, तीसुद्धा सुरक्षा विभागात. जे कधीही फुटू शकतं अशा मालाशेजारी मी शांतपणे उभा राहिलेलो आहे. पण तिथं माल टेबलावर असतो आणि तपासणारा मी. इथं टेबलावर मी, तपासणारा भलताच, आणि वर भूल दिलेली, म्हणजे कामावर देखरेख करायलासुद्धा कुणी नाही. हे सगळं मी शालनला नीट समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "कारखान्यात संशयास्पद मालाचं काय करता?"

"ताबडतोब बाहेर काढतो," मी म्हणालो आणि जीभ चावली.

मला वाचवलं ते डॉक्टरांच्या पुढच्या वाक्यानं. "शनिवार पेठेत मंजिरीबाईंकडे जा," ते म्हणाले होते. "या ऑपरेशनला पुण्यात त्यांना तोड नाही." त्यावर शालननं माझ्याकडे पाहिलं होतं आणि मी पंख्याकडे. कारण या मंजिरीबाई म्हणजे आमच्या होऊ घातलेल्या विहीणबाई. आमची प्राची हिंजवडीला कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला, त्यांचा निखिलही तिथंच. कंपनीची बस रोज संध्याकाळी रहदारीत अडकायची आणि त्या अडकलेल्या बसमध्ये या दोघांचं जमलं. (ज्या रहदारीला सगळं पुणं शिव्या घालतं तिनं आम्हाला जावई दिला.) लग्न ठरवायच्या बैठकीत मंजिरीबाईंनी पहिल्या चहाला सांगून टाकलं होतं, "मानपान, रुसवेफुगवे आमच्याकडे नाहीत. मला वेळ नसतो."

आता मला सांगा, जिच्यासमोर मुलीचा बाप म्हणून फेटा बांधून उभं राहायचं, तिच्यासमोर बनियन वर करून आडवं कसं पडायचं?

"मग दुसऱ्या सर्जनकडे जाऊ," शालन म्हणाली.

"आणि विहीणबाईंना कळलं तर? घरात सर्जन असताना बाहेरून करून घेतलं! केवढा अपमान. उद्या प्राचीला त्या घरात नांदायचंय."

खरं सांगतो, हा पेच सुचला तेव्हा मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. त्यांच्याकडे जाता येत नाही आणि दुसरीकडेही जाता येत नाही. ऑपरेशन टाळायला इतकं सभ्य कारण आजवर कुणाला सापडलं नसेल. लग्न होईपर्यंत गप्प बसायचं असं मी जाहीर केलं. प्राचीलाही सांगायचं नाही, कारण ती निखिलला सांगणार आणि निखिल आईला. शालन एका अटीवर कबूल झाली. तेल-तूप बंद. डॉक्टरांनी बजावलंच होतं, तुपकट खाल्लंत की कळ येणार, आणि एखादा खडा नळीत जाऊन बसला तर कावीळ होऊन मांडवातून थेट दवाखान्यात जाल. ती भीती मात्र मला खरोखर होती. लेकीचा हात जावयाच्या हातात देताना आपण मांडवात धड उभं असावं, एवढं एकच मागणं होतं माझं. फक्त ते न कापता मिळावं अशी इच्छा होती.

ही गोष्ट बाहेर एकाच माणसाला माहीत होती, माझ्या विभागातल्या रफिक इनामदारला. इनामदारांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती खडकी बाजारात. त्याचं पित्ताशय आधीच निघालेलं असल्यामुळे तो या विषयातला जाणकार. मी कुळथाचं पाणी पितो आणि पानफुटीची पानं चावतो हे ऐकून त्यानं कपाळाला हात लावला.

"जगतापसाहेब, ते मुतखड्यावरचं औषध."

"खडा तो खडा."

"तो शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहतो. तुम्ही चुकीच्या पत्त्यावर औषध पाठवताय."

"तुला ऑपरेशनची भीती नाही वाटली?"

"वाटली की. पण ईद तोंडावर आली होती. घरात बिर्याणी शिजणार आणि मी मुगाचं पाणी पिणार, याची त्याहून जास्त वाटली. सकाळी गेलो, दुसऱ्या दिवशी घरी."

असल्या खादाड माणसाचा सल्ला काय घ्यायचा, असं म्हणून मी पानफुटी चालू ठेवली.

आणि मग केळवणं सुरू झाली.

केळवण म्हणजे नातेवाइकांनी लग्नाच्या मुलीला आईबापांसकट बोलावून प्रेमानं मारायचा प्रकार. पहिलं केळवण हिंजवडीच्या मावशींकडे. मावशींच्या शेतावर आता कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. जिथं त्यांची ज्वारी उभी असायची तिथं आमची प्राची बसते. त्यामुळे मावशींचा तिच्यावर विशेष जीव. पानात पुरणपोळी होती आणि मावशी तुपाची लोटी घेऊन माझ्या डोक्यावर उभ्या होत्या.

"मावशी, तूप नको."

"का रं? पोरीचं केळवण हाय का सुतक हाय?"

"नको म्हणजे, जरा डॉक्टर..." एवढं मी बोललो आणि समोरच्या पानावरून प्राचीनं मान वर केली. आता डॉक्टरांचं नाव घेणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. मी घास गिळला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा नेम आहे."

"कसला नेम?"

"प्राचीचं लग्न सुखरूप पार पडेपर्यंत तेल-तूप वर्ज्य."

मावशींची लोटी हवेतच थांबली. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. "आसा बाप मिळाया नशीब लागतं गं पोरी," त्या म्हणाल्या. प्राची पानावरून उठली, उष्ट्या हातानं माझ्या गळ्यात पडली. "बाबा, एवढं करताय आणि मला सांगितलंसुद्धा नाहीत?" शालन माझ्याकडे उतू जाणाऱ्या दुधाकडे बघावं तशी बघत होती.

मावशींच्या कानावर पडलेली गोष्ट म्हणजे गावात दवंडी. दुसऱ्या केळवणाला पोचलो तर माझं पान वेगळं मांडलेलं, भोवती रांगोळी. ज्वारीची भाकरी, बिनफोडणीचं वरण, उकडलेली भाजी, आणि सगळे माझ्याकडे भक्तिभावानं बघत तळलेल्या पुऱ्या खातायत. माझे थोरले साडू, ज्यांनी आयुष्यात माझ्या नमस्काराला कधी धड मान हलवली नव्हती, ते मला वाकून नमस्कार करून गेले. आणि गंमत म्हणजे पोट दुखायचं थांबलं. वजन उतरलं, चेहऱ्यावर (माझ्या मते) तेज आलं. मीसुद्धा हळूहळू त्या नेमावर विश्वास ठेवायला लागलो. कारखान्याच्या कँटीनमध्ये मी संयमावर चार शब्द बोललो तेव्हा समोर बसलेल्या रफिकला असा ठसका लागला की त्याच्या पाठीत दोघांना थापट्या माराव्या लागल्या.

तेवढ्यात शनिवार पेठेतून फोन आला.

"व्याही, मी मंजिरी बोलतेय. तुमच्या नेमाचं कळलं. कौतुक वाटलं."

"छे हो, त्यात काय."

"तेच म्हणते मी. त्यात काही नाही. निखिल सांगत होता तुमचे गाल बसलेत. लग्नात उभं राहायला अंगात त्राण नको? रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला या. नेमाचं उद्यापन करून टाकू."

"पण नेम लग्नापर्यंतचा आहे," मी म्हणालो.

"आमच्या माईंनी गुरुजींना विचारलंय. वरमाईनं स्वतःच्या हातानं पहिला घास भरवला तर नेम आधी सोडलेला चालतो म्हणाले."

"गुरुजी असं म्हणाले?"

"त्यांनाही जेवायला बोलावलंय," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

शालन म्हणाली, "आता तरी खरं सांगा."

"आता सांगू? म्हणजे नेम खोटा होता असं होईल. मुलीचा बाप खोटारडा ठरेल."

"खोटारडा ठरणार नाही. आहे ते कळेल."

रफिकचंही मत तेच पडलं. "खोटा नेम आणि खरा खडा एकाच पोटात ठेवू नका, साहेब. एकमेकांना लागतात," तो म्हणाला. मी त्यालाही गप्प केलं. माझा बेत साधा होता. एक घास खायचा, बाकीचं 'सवय राहिली नाही' म्हणून बाजूला सारायचं. एका घासानं कुणी मरत नाही.

विहीणबाईंचं घर त्यांच्या दवाखान्याच्याच इमारतीत. खाली ऑपरेशन थिएटर आणि वर स्वयंपाकघर. जिना चढताना भिंतीवर पाटी होती, 'रुग्णासोबत एकच नातेवाईक. तोही गप्प.' मी डोळे मिटून पुढं सरकलो. वर चंदनाचा वास, चांदीचं ताट, चौरंगावर मी, आणि समोर निखिलच्या आजी, म्हणजे माई, समई लावून बसलेल्या. गुरुजींनी काहीतरी झरझर म्हटलं (त्यांचं निम्मं लक्ष कटाच्या आमटीकडे होतं). मंजिरीबाईंनी पुरणपोळीच्या मधोमध खळगा केला, त्यात तूप ओतलं आणि पहिला घास माझ्या तोंडात घातला.

इथं मला एक कबूल केलं पाहिजे. पहिला घास त्यांचा होता. पुढचे सगळे माझे.

इतक्या दिवसांच्या उकडलेल्या दुधीनंतर ते तूप जिभेवर उतरलं आणि माझी मतीच गुंग झाली. कुणी आग्रह केला नाही. मीच "अजून एक चालेल" म्हणालो. मग भजी दिसली. भजी दिसली म्हणून कुरडई दिसली. शालन शेजारून माझ्या मांडीला चिमटे काढत होती आणि मी तिला "अगं, उद्यापन आहे" असं सांगत होतो. माई कौतुकानं म्हणाल्या, "नेमाचा माणूस जेवतो कसा बघा." गुरुजींनीसुद्धा हात थांबवून माझ्याकडे पाहिलं, एका दर्दी माणसानं दुसऱ्याकडे पाहावं तसं.

विडा तोंडात घातला आणि तो नट आवळणारा पाना फिरला.

नेहमीची कळ ही नव्हतीच. ही वेगळ्याच विभागातून आली होती. बरगडीखालून जी उठली ती पाठीला वळसा घालून खांद्यात रुतली आणि तिथंच बसली. मी हसतमुख राहायचं ठरवलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी चौरंगावर बसून खात होतो. कपाळावरून घाम निथळायला लागला, डोळ्यांत पाणी आलं.

"भरून आलंय हो त्यांना," माई म्हणाल्या आणि त्यांनी स्वतःचे डोळे पुसले. "लेक जाणार म्हटलं की बापाचं असंच होतं."

ते पाहून निखिलचे डोळे भरले. प्राचीचे भरले. गुरुजींनी नाक ओढलं. सगळी बैठक माझ्या पित्ताशयापायी रडत होती. मला आता सरळ बसवेना. मी पुढं वाकलो, आणखी वाकलो आणि शेवटी माझं कपाळ नेमकं मंजिरीबाईंच्या पायांपाशी टेकलं.

"अहो व्याही, हे काय? आमच्याकडे असलं काही नाही. उठा," त्या म्हणाल्या.

मी उठलो नाही. तसा त्यांचा आवाज बदलला. वरमाईच्या आवाजातून सर्जनचा आवाज बाहेर आला. "कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही," मी फरशीला सांगितलं.

त्यांनी मला सरळ केलं, उजव्या बरगडीखाली बोटं दाबून धरली आणि म्हणाल्या, "आता श्वास घ्या." मी घेतला. त्यानंतर माझ्या तोंडून जो आवाज निघाला तसा मी कारखान्याच्या चाचणीतसुद्धा ऐकलेला नाही. खालच्या दवाखान्यातली नर्स धावत वर आली.

"कधीपासून आहे हे?"

"वर्ष होऊन गेलं," शालन क्षणाचाही विलंब न लावता म्हणाली. "खडे आहेत. रिपोर्ट माझ्या पर्समध्ये आहे."

(ती तो पर्समध्ये घेऊन का आली होती, हे मी अजून विचारलेलं नाही.)

मला खाली नेलं. इंजेक्शन, सलाइन, पुन्हा सोनोग्राफी. कळ ओसरली तसं मला बाकीचं दिसायला लागलं. ज्या बनियनची इतकी लाज राखली होती ती छातीपर्यंत वर गेलेली होती आणि खाटेपाशी प्राची उभी होती. ती रडत नव्हती. रागावली की ती अगदी हळू बोलते.

"म्हणजे नेम वगैरे काही नव्हतं."

मी बनियन खाली ओढली.

"मला नेमाचं काही नाही वाटत, बाबा. पण लग्नाच्या दिवशी तुम्ही असे पडला असतात तर? मी हार हातात घेऊन उभी आणि तुम्ही अँब्युलन्समध्ये? माझ्या डोक्यात आयुष्यभर लग्न म्हणजे तेच राहिलं असतं." मग मात्र तिचा आवाज फुटला आणि मला त्या कळेपेक्षा जास्त लागलं. कारण मलाही हवं होतं ते तेवढंच, आणि ते मी माझ्याच हातानं मातीत घालायला निघालो होतो.

इतकं झाल्यावर कुणीही शहाणा माणूस "करा ऑपरेशन" म्हणाला असता. मी म्हणालो, "लग्नानंतर नक्की."

मंजिरीबाई पडद्यावरचं चित्र पाहत होत्या. "एक खडा अगदी नळीच्या तोंडाशी येऊन बसलाय. तो अक्षता पडायची वाट पाहील असं तुम्हाला वाटतं?"

"आता मी तूप शिवणार नाही."

"आज कुरडया किती खाल्ल्यात ते मी पाहिलंय."

"विहीणबाई, माझी तयारी नाही. मनाची," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं. त्या दिव्याखाली आडवं पडायच्या नुसत्या विचारानं माझे तळपाय गार पडत होते.

मंजिरीबाईंनी हातमोजे काढले आणि त्या वर निघून गेल्या. जरा वेळानं मला हाताला धरून वर आणलं तर त्या खुर्ची भिंतीकडे वळवून बसलेल्या. चहा आला, त्यांनी घेतला नाही. मी हाक मारली, त्यांनी पाहिलं नाही.

"काय झालं हो त्यांना?" मी माईंना विचारलं.

"विहीण रुसली," माई शांतपणे म्हणाल्या.

मुलीच्या बापाच्या रक्तातच काहीतरी असतं. विहीण रुसली हे दोन शब्द कानावर पडले की त्याचं डोकं चालायचं बंद होतं आणि हात आपोआप जोडले जातात. माझ्या आजोबांनी हेच केलं असणार, त्यांच्या आजोबांनीही. मी त्या खुर्चीसमोर जाऊन उभा राहिलो. "विहीणबाई, आमचं काही चुकलं असेल तर क्षमा करा. पण असं रुसू नका. तुम्ही मागाल ते देईन. शब्द खाली पडू देणार नाही."

खुर्ची वळली.

"पित्ताशय द्या," त्या म्हणाल्या.

"अहो, पण तुम्हीच म्हणाला होतात, मानपान नको."

"माझा विचार बदलला. मला तेवढंच हवंय. परवा सकाळी उपाशीपोटी घेऊन या."

मी शालनकडे पाहिलं. ती म्हणाली, "शब्द दिलाय तुम्ही." प्राचीकडे पाहिलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. गुरुजी जायला निघाले होते, ते उंबऱ्यावरून वळून म्हणाले, "वरमाईला नाही म्हणू नये. मुहूर्तसुद्धा चांगला आहे."

तर अशा रीतीनं मी ऑपरेशनला राजी झालो. थिएटरमधलं मला फारसं आठवत नाही. हिरवी टोपी, डोक्यावरचा तो दिवा, आणि मास्कच्या वर दिसणारे विहीणबाईंचे डोळे. त्या म्हणाल्या, "घाबरलात?" मी "छे" म्हणालो आणि त्यांचा हात इतका घट्ट धरला की सोडवायला भूल द्यावी लागली. जाग आली तेव्हा मी खाटेवर होतो. पोटावर चार पट्ट्या होत्या. शालन डोळे पुसत होती, नर्स डोळे पुसत होती, आणि दोघीही गालांतल्या गालात हसत होत्या. काय झालं म्हणून विचारलं तर "काही नाही, झोपा" एवढंच उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी मी घरी. रफिक भेटायला आला, त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "फुटलं का काही?" मी नाही म्हणालो. "मग एवढे दिवस कुठला कारखाना सांभाळत होतात?" असं म्हणून त्यानं माझ्यासाठी आणलेली केळी स्वतःच सोलून खाल्ली.

लग्न थाटात झालं. मी मांडवात पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा होतो. प्राचीचा हात निखिलच्या हातात माझ्याच हातानं दिला. आणि मग पाठवणीची वेळ आली.

कार्यालयाच्या दारात सगळे जमले. शालन रडली. मावशी रडल्या, माई रडल्या. थोरले साडू भिंतीला टेकून हुंदके देत होते. प्राची माझ्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडायला लागली. आणि मी कोरडा. डोळ्यांत टिपूस नाही. छातीत सगळं दाटून आलं होतं, पण ते वर येईना. व्हिडिओवाला माझ्या नाकाशी कॅमेरा धरून उभा होता. "काका, जरा घ्या ना," तो म्हणाला. "वडील रडताना एक तरी शॉट लागतो."

"बाबा, रडा ना थोडं," प्राची माझ्या कानात म्हणाली. "सगळे बघतायत."

मी प्रयत्न केला. तोंड वाकडं केलं, डोळे गच्च मिटले. मावशी मागून म्हणाल्या, "आता का गं ह्याचं पानी आटलं?"

तेवढ्यात मंजिरीबाई पुढं आल्या आणि त्यांनी व्हिडिओवाल्याचा कॅमेरा हातानं बाजूला केला. "त्यांना त्रास देऊ नका. त्यांची पाठवणी आधीच झालीय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "भूल उतरताना माझा हात धरून त्यांनी अख्खी पाठवणी पार पाडली. म्हणाले, लेक लाडात वाढलीय, चहा जरा कमी गोड करते, सांभाळून घ्या. शेवटी म्हणाले, काही चुकलं तर पोटात घाला. मी म्हटलं, आत्ताच तर काढलंय. त्यावर इतके रडले की बाहेरचे पेशंट उठून घरी गेले."

हशा पिकला. प्राची रडता रडता हसायला लागली आणि हसत हसतच गाडीत बसली. मलाही हसू आलं. हसलो तशी टाक्यांतून अशी सणक गेली की मी पोट धरून मटकन पायरीवर बसलो. व्हिडिओवाल्यानं नेमकं तेव्हा कॅमेरा चालू केला.

आता आमच्या घरात दोन सीड्या आहेत. एक लग्नाची. दुसरी विहीणबाईंनी आहेर म्हणून दिलेली, दुर्बिणीतून घेतलेली माझ्या ऑपरेशनची. लग्नाच्या सीडीत मी पायरीवर बसून वाकड्या तोंडानं कण्हताना दिसतो, आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की हे गृहस्थ कोण. दुसरी सीडी आम्ही फक्त घरच्या माणसांना दाखवतो. माईंनी ती चष्मा पुसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आणि म्हणाल्या, "व्याही आतून बरे दिसतात."